इतर हक्क

मराठीत एक जुनी म्हण आहे, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. फुकट मिळालेल्या गोष्टीत खोड काढू नये, एवढाच तिचा अर्थ. पण म्हण तिथेच थांबते. ती गाय तुमच्या दावणीला आली, तुम्ही तिच्यासाठी गोठा वाढवला, कडबा भरून ठेवला, डेअरीत खातं उघडलं, आणि सव्वा वर्षाने देणारा माणूस दावं घेऊन दारात उभा राहिला, तर काय करायचं? म्हण त्याबद्दल काही सांगत नाही.

फुकट दिलेली गोष्ट परत घेता येते का? कायद्याने घेता येत असेल, तरी घ्यावी का? आणि ज्याने फुकट घेतली, त्याला तक्रार करायचा अधिकार कुठून येतो?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वय अठ्ठावीस. आठवड्यातले काही दिवस पुण्यात, उरलेले शिरूर तालुक्यातल्या घरून काम. हे प्रश्न मला दोन ठिकाणी एकाच सुमारास पडले. एक, कॉम्प्युटरच्या जगात गेल्या काही वर्षांत घडलेल्या एका मोठ्या भांडणामुळे. दुसरं, आमच्या शेताच्या बांधामुळे. दोन्हीकडे गुंता एकच आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला. आधी भांडण सांगतो.

लाल टोपीची गोष्ट

रेड हॅट ही अमेरिकन कंपनी १९९३ साली सुरू झाली. ती लिनक्स विकते. आता लिनक्स तर फुकट असतं, मग विकते काय? रेड हॅट विकते भरवसा. जगभरातल्या हजारो लोकांनी लिहिलेला कोड गोळा करायचा, तपासायचा, त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, आणि बँका, टेलिकॉम कंपन्या, सरकारी खाती यांना सांगायचं, की हे घ्या, पुढची दहा वर्षं आम्ही सांभाळू, त्याचे वर्षाला अमुक पैसे द्या. २०१२ साली रेड हॅटचं वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. ओपन सोर्सवर एवढं कमावणारी ती पहिली कंपनी.

या कोडमधल्या मोठ्या भागावर जीपीएल नावाचं लायसन्स असतं. लिनक्स ज्याखाली येतं ती जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ सालची. तिचा गाभा सोपा आहे. तुम्ही कोणाला प्रोग्रॅम दिलात, तर त्याचा सोर्स कोडही द्यायचा. आणि ज्याला तो मिळाला, त्याने पुढे कोणाला द्यायचा ठरवला तर त्याला अडवायचं नाही.

त्यामुळे २००४ साली काही स्वयंसेवकांनी सेंटओएस सुरू केलं. रेड हॅटने उघड केलेला सोर्स कोड घ्यायचा, त्यातलं रेड हॅटचं नाव आणि चिन्ह काढायचं, पुन्हा बांधायचा आणि फुकट वाटायचा. माल तोच, फक्त सपोर्टला फोन करायची सोय नाही. कॉलेजच्या लॅब, छोट्या होस्टिंग कंपन्या, स्टार्टअप आणि संशोधन संस्था या सगळ्यांनी ते उचललं. सर्व्हर चालवायला शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बऱ्याच पोरांचा पहिला सर्व्हर सेंटओएसचा होता.

रेड हॅटने हे नुसतं खपवून घेतलं असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये सेंटओएस प्रकल्प कंपनीने आपल्या पंखाखाली घेतला. त्यावर काम करणाऱ्या काही मुख्य लोकांना नोकरी दिली. म्हणजे वाट आता मालकाच्या संमतीने, मालकाच्या देखरेखीखाली चालू झाली.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी आयबीएमने रेड हॅट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत सुमारे ३४ अब्ज डॉलर. जुलै २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएसची आठवी आवृत्ती आली, आणि प्रकल्पाच्या पानावर तिची मुदत लिहिलेली होती, मे २०२९.

८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं, की सेंटओएस आठ ३१ डिसेंबर २०२१ ला बंद होईल. दहा वर्षांची वाट दोन वर्षांत संपली. पुढे असेल सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची तालीम जिथे चालते ती जागा. तालमीचा माणूस आणि प्रयोगाचा माणूस यांत जो फरक असतो, तोच इथे होता. बँकेच्या सर्व्हरला तालीम चालत नाही.

आणि मग २१ जून २०२३. रेड हॅटने सांगितलं, की मुख्य प्रॉडक्टचा सोर्स कोड यापुढे सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवणार नाही. ग्राहकांना मिळेल, बाकीच्यांसाठी स्ट्रीमचा कोड आहेच. जीपीएलमध्येही तेवढंच लिहिलंय, ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्या. मग ग्राहकाने तो पुढे वाटला तर? जीपीएल त्याला अडवत नाही. पण रेड हॅटच्या ग्राहक करारात अशा ग्राहकाशी असलेला करार संपवायचा अधिकार कंपनीने राखून ठेवलाय. म्हणजे वाट मोकळी आहे, खुशाल जा, पण गेलात तर उद्यापासून आमच्या दुकानात तुम्हाला माल नाही. हे जीपीएलच्या अक्षरात बसतं की नाही, यावर कायद्याची माणसंही दोन बाजूंनी बोलतात.

हे आपल्याला का लागतं

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कंपन्यांचं भांडण, आपल्याला काय त्याचं?

रेड हॅटचं पुण्यात मोठं ऑफिस आहे, हडपसरच्या मगरपट्ट्यात. दौंडकडून सोलापूर रोडने पुण्यात शिरणाऱ्याला ते टॉवर दिसतात. २००४ साली रेड हॅटने लोहित नावाचे फॉन्ट मोफत खुले केले. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ अशा भारतीय लिप्यांसाठी. पुढे त्यांची देखभाल करणाऱ्यांत पुण्यातल्या इंजिनियरांचा मोठा वाटा होता. आज फोनवर मराठी सहज दिसतं, म्हणून ते काम किती अवघड होतं हे विसरायला होतं. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या. हा फरक कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. कोणत्या अक्षरापुढे कोणतं आलं की कसं जोडायचं, हे कोणीतरी बसून एकेक करून लिहावं लागतं. ते लिहिलं गेलं आणि फुकट दिलं गेलं. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने ही धर्माची गाय दुभली आहे.

म्हणून मला रेड हॅटला खलनायक करून मोकळं होता येत नाही. ज्या कंपनीने दार लावलं, तिनेच आधी बरीच दारं उघडली होती. आणि ज्या मगरपट्ट्यात तिचं ऑफिस आहे, त्या जमिनीची गोष्टही इथे आठवण्यासारखी आहे. तिथल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही. एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. जे एकत्र टाकलं त्यात प्रत्येकाचा हिस्सा कागदावर राहिला. ओपन सोर्समध्येही हजारो लोक आपापला तुकडा एकत्र टाकतात, पण बहुतेकांचा हिस्सा कुठे लिहिलेला नसतो. १९९९ साली शेअर बाजारात उतरताना रेड हॅटने कोड लिहिणाऱ्या अनेकांना सुरुवातीच्या भावाने शेअर घ्यायची संधी दिली होती. १४ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी पन्नासच्या पुढे गेला. ती चांगली गोष्ट होती. पण शेअर विकून टाकला की नातं संपतं. कोड मात्र चालूच राहतो.

बांधावरची वाट

आता बांधाचं सांगतो.

आमची रस्त्याला लागून तीन एकर जमीन आहे. आमच्या मागे तात्यांचं शेत. तात्या आमच्या भावकीतले नाहीत, पण चार पिढ्यांचा घरोबा आहे. त्यांची मूळ वाट ओढ्याच्या कडेने होती. नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात ती वाहून गेली. तेव्हा माझ्या आजोबांनी त्यांना सांगितलं, आमच्या बांधावरून येत-जात राहा. कागद नाही, साक्षीदार नाही, मोबदला नाही.

पंचवीसहून अधिक वर्षं झाली. या काळात तात्यांनी त्या वाटेवर स्वतःच्या खर्चाने मुरूम टाकला. चारीवर सिमेंटच्या नळ्या टाकल्या. वाट झाली म्हणून बाजरीच्या जागी ऊस लावला, कारण आता ट्रॉली आतपर्यंत जात होती. उसाच्या भरवशावर कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं. आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

मधल्या काळात रांजणगावला एमआयडीसी वाढली. एलजी, व्हर्लपूल, फियाट आले. नगर रोडच्या आजूबाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. गेल्या वर्षी आमच्या तीन एकराला गोडाऊनसाठी गिऱ्हाईक आलं. भाव चांगला होता. अट एकच, जमीन मोकळी पाहिजे, मधून कोणाची वाट नको.

चुलत्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे. आमच्या घराचं अर्धं बांधकाम थांबलंय. म्हणजे पैशाची गरज खरी आहे, कोणाची हाव नाही.

शिरूरच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी जे समजावलं, ते ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण ते माझ्या धंद्याच्या भाषेत बोलत होते. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा दोन गोष्टींत फरक करतो. एक वहिवाटीचा हक्क. कोणी वीस वर्षं अखंड, उघडपणे, हक्काने एखादी वाट वापरली, तर तो हक्क जमिनीला चिकटतो. जमीन विकली तरी नव्या मालकाला तो पाळावा लागतो. दुसरं लायसन्स. मालकाने परवानगी दिली म्हणून वापरली, तर ते लायसन्स. ते मालकाला काढून घेता येतं. आणि कलम ५९ सांगतं, की जमीन विकली तर घेणारा त्या लायसन्सला बांधील नसतो.

तात्यांची वाट परवानगीची. म्हणजे लायसन्स. म्हणजे विकली की संपली.

सॉफ्टवेअरमधला लायसन्स हा शब्द मी रोज वापरतो, पण त्याचा शेतातला भाऊ मला पहिल्यांदा भेटला. आणि तेव्हा रेड हॅटचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. जीपीएल नावाने लायसन्स असलं, तरी स्वभावाने ते वहिवाटीच्या हक्कासारखं आहे. ते कोडला चिकटतं आणि कोड जाईल तिथे जातं. कंपनी विकली गेली तरी हातात आलेला कोड कोणी परत घेऊ शकत नाही. पण सेंटओएस दहा वर्षं सांभाळू, हा भाग जीपीएलमध्ये नव्हता. तो शब्द होता. परवानगी होती. आयबीएमने तो मोडायला लावला की रेड हॅटने स्वतःहून मोडला, यावर लोकांनी खूप वाद घातला. मला तो वाद गौण वाटतो. जे कागदात होतं ते टिकलं, जे विश्वासावर होतं ते गेलं.

काकांचा मुद्दा

घरी बैठक झाली तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "कागदावर न्हाय म्हणून शब्द न्हाय व्हय?"

त्यावर काका जे बोलले, ते मी अजून विसरलो नाही. ते म्हणाले, "दादा, मग उद्यापासनं कुणाला वाटच देऊ नये. एकदा दिली की ती त्याची झाली, असं आसंल तर मानसानं काटंच टाकावं बांधावर."

हे बोलणं स्वार्थी वाटतं, पण त्यात खरा तर्क आहे. आमच्या भागात अनेक शेतकरी शेजाऱ्याला वाट देत नाहीत, ते दुष्ट असतात म्हणून नाही. वीस वर्षांनी हक्क बसेल, या भीतीने देत नाहीत. चांगुलपणाला कायमचं बंधन केलं, तर लोक चांगुलपणा करणं थांबवतात. रेड हॅटची बाजूही हीच आहे. २०२३ मध्ये कंपनीच्या माणसांनी मांडलेला मुद्दा साधारण असा, की आम्ही हजारो इंजिनियरांना पगार देऊन हे बांधतो. कोणी त्यात काहीही भर न घालता जसंच्या तसं उचलून फुकट वाटतो, किंवा त्यावर स्वतःचा सपोर्ट विकतो, तर आम्ही चालायचं कसं? हे खोटं नाही. ओरॅकलसारखी अवाढव्य कंपनी २००६ पासून रेड हॅटच्याच कोडवरून स्वतःचं लिनक्स बनवते आणि त्याच्या सपोर्टचे पैसे घेते. त्याच ओरॅकलने २०२३ मध्ये लिनक्स खुलं ठेवा म्हणून पुढे यावं, यातला विनोद कोणाच्याही लक्षात येईल.

तेव्हा काकांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं उत्तर हे. देणाऱ्यावर कायम देत राहायचं बंधन नसतं. पण त्याने दिलेल्या गोष्टीवर दुसऱ्याला काय बांधू दिलं, त्याची जबाबदारी असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याला एक वेळ जेवायला घातलं, म्हणून रोज घालावं लागत नाही. पण त्याला म्हटलं, की तू इथेच राहा, चूल मोडून टाक, जेवण माझ्याकडे, आणि त्याने चूल मोडल्यावर ताट काढून घेतलं, तर आपण नुसतं ताट काढलेलं नसतं, त्याची चूलही आपण मोडलेली असते.

सेंटओएसच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत सायंटिफिक लिनक्स नावाची स्वतःची आवृत्ती बनत असे, तीही रेड हॅटच्या सोर्सवरूनच. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आठवी आवृत्ती आम्ही काढणार नाही, सेंटओएस आठवर जाऊ. चूल मोडली. वीस महिन्यांत ताट उचललं जाणार असल्याचं कळलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये फर्मीलॅब आणि युरोपातल्या सर्न या दोघांनी अल्मालिनक्स निवडलं.

गंमत म्हणजे १८८२ च्या कायद्यालाही हा फरक माहीत आहे. त्याच कायद्याचं कलम ६० सांगतं, की लायसन्सवर विसंबून कोणी खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ते लायसन्स मागे घेता येत नाही. कलम ६३ सांगतं, की मागे घेतलंच तर समोरच्याला आपलं सामान काढून बाहेर पडायला वाजवी वेळ द्यावा लागतो. तात्यांच्या मुरमाला आणि नळ्यांना कायम स्वरूपाचं काम म्हणायचं का, हे कोर्ट ठरवेल. पण त्यामागचा न्याय कळायला कोर्ट लागत नाही. बैलगाडीच्या काळात कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं, ते क्लाउडच्या काळात करार लिहिणाऱ्यांना सुचू नये, असं काही नाही.

म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले. फुकट दिलेली गोष्ट कोणी परत घेत असेल, तर विचारायचं : एक, देताना मुदत सांगितली होती का? दोन, समोरचा त्यावर काही उभारतोय हे देणाऱ्याला दिसत होतं का? तीन, बाहेर पडायला पुरेसा वेळ दिला का?

सेंटओएस आठला हे प्रश्न लावा. मुदत सांगितली होती, २०२९. लोक उभारत होते आणि कंपनीला ते दिसत होतं. वेळ दिला वर्षभराचा. तीनपैकी दोन उत्तरं सरळ देणाऱ्याच्या विरुद्ध जातात, तिसरं जेमतेम. इथे रेड हॅटने शब्द मोडला असं मी म्हणतो, आणि कायदा पाळला होता हे त्याला उत्तर होत नाही. पण न्याय करायचा तर पुढचंही सांगायला हवं. सेंटओएस सातची मुदत जून २०२४ होती, ती कंपनीने शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. फेब्रुवारी २०२१ पासून एकट्या डेव्हलपरला सोळा मशीनपर्यंत मूळ रेड हॅट फुकट वापरायची सोयही दिली. काटे टाकले, पण पायी जाणाऱ्यांसाठी फट ठेवली.

२०२३ च्या निर्णयाला तेच प्रश्न लावले, तर उत्तरं बदलतात. सोर्स उघड्यावर ठेवण्याला कोणी मुदत दिली नव्हती. तिथे मला शब्द मोडलेला दिसत नाही. दिसतं ते वेगळंच, हक्क काढून न घेता तो वापरणाऱ्याला किंमत मोजायला लावणं. गावात याला काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. वाट बंद केली नाही, फक्त त्या वाटेने जाणाऱ्याच्या घरी लग्नाला जायचं नाही, एवढंच ठरवलं. शब्द मोडण्यापेक्षा हे हलकं की भारी, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. पण पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराला एकच शिवी घालणं चुकीचं आहे, एवढं नक्की.

मुरूम कोणी टाकायचा

आता घेणाऱ्याकडे वळतो, म्हणजे आपल्याकडे. कारण या सगळ्या भांडणात आपण वापरणारे लोक फार लवकर दुखावले जातो आणि फार क्वचित काही देतो.

तात्यांच्या बाजूने माझं मन वळलं, त्याचं एक कारण तो मुरूम आहे. त्यांनी वाट नुसती वापरली नाही, राखली. पावसाळ्यात चर पडला तर आमच्या आधी त्यांचं फावडं तिथे असायचं. सामाईक विहिरीचा गाळ काढायच्या दिवशी जो येत नाही, त्याने पाण्याच्या पाळीवरून भांडू नये, हा आमच्याकडचा साधा नियम आहे. सेंटओएस वापरणाऱ्या किती कंपन्यांनी गाळ काढायला माणूस पाठवला होता?

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. हा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. तो वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. थकलेल्या त्या माणसाला मदत करायचं नाटक करून दुसऱ्याच कोणीतरी विश्वास कमावला आणि आत शिरला. एका इंजिनियरला आपलं लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद झाल्याचं खटकलं, म्हणून ते सापडलं. अब्जावधींची उलाढाल ज्या वाटेवरून जाते, तिथे मुरूम टाकायला एकच माणूस होता.

मी जिथे काम करतो, तिथे दरवर्षी बजेटच्या वेळी मी एक ओळ घालतो, आपण जे फुकट वापरतो त्याच्या राखणीसाठी थोडी रक्कम. पहिल्या वर्षी मॅनेजरने विचारलं, "पण ते फुकट आहे ना?" मी म्हटलं, "सर, वाट फुकट आहे, मुरूम फुकट नाही." रक्कम लहान मंजूर होते. पण होते.

सेंटओएस बंद झाल्यावर जे झालं, ते मला म्हणूनच आवडतं. लोक फक्त रडत बसले नाहीत. सेंटओएसच्या स्थापकांपैकी एकाने रॉकी लिनक्स सुरू केलं, दुसऱ्या गटाने अल्मालिनक्स. दोन्ही २०२१ मध्ये वापरायला आली. अल्माने तर २०२३ नंतर हुबेहूब नक्कल करायचा हट्ट सोडला. चालण्यात फरक पडणार नाही एवढं जुळतं ठेवू, बाकी स्वतः बांधू, स्वतः दुरुस्त करू, असं ठरवलं. उधारीच्या वाटेवर हक्क सांगण्यापेक्षा हा मार्ग लांबचा, पण ताठ मानेचा आहे.

रकाना

सातबाऱ्यावर एक रकाना असतो. छापील उताऱ्यावर 'इतर अधिकार' लिहिलेलं असतं, बोलताना सगळे इतर हक्क म्हणतात. मालकाचं नाव एकीकडे, आणि या रकान्यात मालक नसलेल्यांच्या नोंदी, म्हणजे सोसायटीचा बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा, वाट. जमीन घेणारा शहाणा माणूस मालकाचं नाव नंतर आणि हा रकाना आधी वाचतो. गोष्ट एकाची असली तरी तिच्यावर इतरांचंही काही असू शकतं, हे मान्य करणारा तो रकाना आहे.

कंपन्या विकल्या जातात तेव्हा वकिलांच्या फौजा महिनोन्‌महिने कर्ज, खटले, पेटंट तपासतात. पण कंपनीच्या भरवशावर ज्यांनी आपली चूल मोडली, त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. ३४ अब्ज डॉलरच्या व्यवहारात सेंटओएसवर विसंबलेल्यांच्या भरवशाची किंमत कोणी लावली असेल असं वाटत नाही. लावली असती, तर कदाचित नंतर सेंटओएसच्या पानावर लिहिलेले मे २०२९ हे दोन शब्द पाळले गेले असते. किंवा प्रामाणिकपणे मुळात लिहिलेच गेले नसते.

आमच्या घरी शेवटी आप्पा आणि काका एका गोष्टीवर आले. आधी तात्यांच्या वाटेचा नोंदणीकृत दस्त करायचा, दहा फूट रुंदी लिहून, राखण तात्यांकडे. तलाठ्याकडे फेरफार घालून इतर हक्कात नोंद घ्यायची. मग जमीन विकायची. गिऱ्हाइकाने भाव खाली आणलाय. काका त्यावर नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला चुकीची वाटत नाही, कारण आजोबांच्या शब्दाची किंमत त्यांच्या मुलीच्या लग्नातून वजा होणार आहे. व्यवहार अजून झालेला नाही. नैतिकतेची किंमत नेहमी भाषण देणाराच भरतो असं नाही.

मीही एक छोटं ओपन सोर्स टूल सांभाळतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ते युनिकोडमध्ये बदलतं. काही लोक ते रोजच्या कामात वापरतात, मला फारसे ओळखतही नाहीत. परवा मी त्याच्या पहिल्या पानावर चार ओळी घातल्या. हे मी डिसेंबर २०२७ पर्यंत सांभाळेन. त्यापुढे जमेल की नाही, ते सहा महिने आधी सांगेन. सोडलं तर ज्याला पाहिजे त्याच्या हाती किल्ल्या देईन. तोवर तुमच्यापैकी कोणी गाळ काढायला आलात, तर बरं होईल.

यात मोठं काही नाही. मी कायमचं वचन दिलेलं नाही, देऊही शकत नाही. पण माझ्या भरवशावर कोणी काही उभारत असेल, तर त्याला जमीन किती खोल आहे हे आधी सांगणं एवढं माझ्या हातात आहे. काकांच्या भीतीला हेच उत्तर आहे असं मला वाटतं. बांधावर काटे टाकायची गरज नाही. वाट द्या, आणि किती दिवसांसाठी देताय ते तिथेच लिहून ठेवा.